व्हायोलिन स्पर्धेसाठी राग आणि रचना कशा निवडायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा झाला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना युवक महोत्सवाचे वेध लागतात आणि व्हायोलिन शिकणाऱ्या लेकरांच्या घरी एकच विषय सुरू होतो: यंदा काय वाजवायचं? नांदेड, परभणी, लातूर, बीड, छत्रपती संभाजीनगर अशा सगळीकडून पालक आणि विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. ही उत्तरं नवशिक्यांसाठी नाहीत. मध्यमा पूर्ण किंवा विशारद या संगीत परीक्षांच्या तयारीपर्यंत पोचलेल्या, साधारण १३ ते २२ वर्षांच्या वादकांसाठी ती आहेत. बहुतेक उत्तरं हिंदुस्थानी पद्धतीच्या वादनाबद्दल आहेत. पाश्चात्य वादनाबद्दलही एक मोठं उत्तर पुढे आहे.

निवडीची सुरुवात कुठून करायची?

नियमपत्रकापासून. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वेळ किती आहे, त्यात तबला जुळवण्याचा वेळ धरला आहे की वेगळा, साथीला किती माणसं चालतात, राग आधी लिहून द्यायचा का, शास्त्रीयनंतर धून चालते का, एवढं कळल्याशिवाय रागाचं नाव काढू नका. शालेय स्पर्धांत कधी पाच-सहा मिनिटंच मिळतात. विद्यापीठाच्या पातळीवर बारा-पंधरा मिनिटं मिळू शकतात. सहा मिनिटांचा राग आणि पंधरा मिनिटांचा राग एकच असेल असं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस लेकराचा रियाज बाहेरच्या खोलीत बसून ऐका. कुणी सांगितलेलं नसताना, सूर लावून झाल्यावर हात आपोआप कुठल्या रागाकडे जातो? पाठ संपल्यावर व्हायोलिन खाली ठेवण्याआधी काय वाजतं? ते दोन-तीन राग वहीत लिहून ठेवा. स्पर्धेचा राग बहुतेक वेळा त्यातच असतो. ज्या रागात मूल रमतं, त्या रागात घाबरलेल्या क्षणीही त्याला पुढची जागा सुचते. मंचावर दुसरं काहीच इतकं उपयोगी पडत नाही.

पंधरा मिनिटांत नेमकं काय बसतं?

इथं घड्याळ घेऊन हिशोबच करावा लागतो. विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. सात आवर्तनं म्हणजे साडेपाच मिनिटांच्या वर. आधी तीन मिनिटं आलाप आणि नंतर चार-पाच मिनिटं द्रुत तीनताल घेतला की तेरा-साडेतेरा मिनिटं झाली. उरलेला वेळ हातात राहू द्या. सूचनेची घंटा वाजल्यावर तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) शोधायची वेळ येता कामा नये.

सात आवर्तनं म्हणजे फार कमी जागा आहे. त्यात मुखडा (सुरुवातीची ओळ) मांडायचा, मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, वर यायचं, मध्य सप्तकात न्यासस्वर (थांबायचे स्वर) दाखवायचे, तार षड्जाला पोचायचं आणि दोन-तीन आवर्तनं तानांना ठेवायची. हे सगळं आखलेलं असलं तरच विलंबित घ्या. नाहीतर मंचावर असं होतं की पाचव्या आवर्तनापर्यंत मूल मंद्र सप्तकातच असतं, मग एकदम दचकून तार षड्जावर उडी मारतं आणि मधला सगळा राग तसाच राहून जातो.

वेळ आठ-दहा मिनिटांचा असेल तर विलंबित पूर्ण सोडून द्या. अडीच-तीन मिनिटांचा आलाप, मग झपताल किंवा रूपकात मध्यलयीची एक गत (तालात बांधलेली वाद्यरचना), मग द्रुत तीनताल. झपताल मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत ठेवला तर आवर्तन दहा सेकंदांचं होतं. चार मिनिटांत अशी चोवीस आवर्तनं मिळतात. तिथं लयकारीही दाखवता येते आणि रागही मांडता येतो. माझ्या मते दहा मिनिटांच्या स्पर्धेला हाच सगळ्यात चांगला साचा आहे.

सहा मिनिटांच्या स्पर्धेत एकच गत घ्या, एकाच तालात. आधी दीड मिनिट आलाप पुरे.

व्हायोलिनवर कुठला राग खुलतो, हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी विचारला जातो. आपल्याकडे रागांच्या याद्या गायनाच्या वर्गातून येतात. गायकाच्या गळ्याला मोकळी तार नसते, व्हायोलिनला चार असतात. त्या चार तारा कशाला मिळवल्या आहेत, यावर राग कसा वाजेल हे पुष्कळसं ठरतं.

समजा तारा प सा प सा अशा मिळवल्या आहेत आणि षड्ज पांढरी दोनचा (पाश्चात्य डी) आहे. मधल्या दोन तारा पाश्चात्य मिळवणीत असतात तिथंच राहतात, जाड तार एक स्वर चढते आणि बारीक तार एक स्वर उतरते. आता भीमपलास घ्या. रागाची ओळखच मंद्र कोमल निषादावरून षड्जावर येण्यात आहे. तो षड्ज मोकळ्या तारेवर वाजवला तर मींड तुटते, कारण मोकळ्या तारेवर सरकत जाता येत नाही. म्हणून निषादाचं बोट जाड तारेवरच वर सरकवून षड्ज घ्यावा लागतो. हे ज्या हाताला सहज जमतं, त्या हातात भीमपलास फार गोड लागतो. ज्याला जमत नाही, त्याने तो स्पर्धेत घेऊ नये, मग त्याच्या ताना कितीही तयार असोत.

यमन या वाद्याला मानवतो. आरोहात नि रे ग आणि म ध नि असं षड्ज-पंचम टाळून जायचं असल्यामुळे मोकळ्या तारा मध्येच आडव्या येत नाहीत, आणि विसावायला षड्ज-पंचम भरदार मिळतात. गंधारावरचा ठेहराव बोटाखाली असतो, तिथं हवा तसा सूर हलवता येतो. बागेश्रीत मध्यमावर लांब थांबायचं असतं. तो मध्यम मोकळ्या षड्जाच्या शेजारी घोळवला की वाद्याचं लाकूडच बोलायला लागतं.

तुमची मिळवणी सा प सा प किंवा म सा प रे असेल तर गणित बदलेल, पण पद्धत तीच. रागाचे न्यासस्वर लिहा आणि ते कुठल्या तारेवर, कुठल्या बोटाखाली येतात ते पाहा. वादी (मुख्य) स्वर नेहमी अवघडल्या बोटाखाली येत असेल तर त्या रागाला अजून एक वर्ष द्या.

लहान मापाच्या व्हायोलिनवर, म्हणजे तीन-चतुर्थांश वाद्यावर, जाड तार दुबळी वाजते. त्या मुलांना मंद्रप्रधान राग देऊ नका.

मग पंचम वर्ज्य असलेले राग स्पर्धेत घ्यायचे की नाही?

घ्यायचे, पण समजून. मालकंसाचं उदाहरण पाहा. प सा प सा मिळवणीत षड्जाच्या तारेवरून तार षड्जाच्या तारेकडे जाताना मधे पंचमाची तार ओलांडावी लागते. त्या तारेवर कोमल धैवत आणि कोमल निषाद बोटांनी दाबून घ्यायचे. बोट अर्धा क्षण उशिरा पडलं किंवा गज जरा कललेला असला की मोकळा पंचम बोलतो, आणि मालकंसात पंचम बोलला की सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. संथ लयीत हे सांभाळता येतं. द्रुत तानांत हीच गोष्ट शंभरदा करावी लागते. म्हणून मालकंस ठरवण्याआधी एक कसोटी लावा: द्रुत लयीत सपाट तान तीनदा सलग, मोकळा पंचम एकदाही न वाजता. जमली तर राग तुमचा.

तानपुऱ्यावर पंचमाऐवजी मध्यम लावायला विसरू नका.

मारवा आणखी कठीण. कोमल ऋषभ आणि धैवत हे त्याचे आधारस्तंभ, आणि दोन्ही बोटाखाली. षड्जालाही फार टेकायचं नाही. मोकळ्या तारेचा आधार जवळजवळ नाहीच. कोमल ऋषभ किंचित चढला की मारव्याचा सगळा रंग उडतो. शिवाय पूरिया आणि सोहनी याच स्वरांतले असल्यामुळे परीक्षक कान टवकारून ऐकत असतात. वीस-एकवीस वर्षांच्या, सूर पक्का झालेल्या वादकाने जरूर वाजवावा. चौदाव्या वर्षी घाई करू नये.

अवघड राग घेतला तर जास्त गुण मिळतात का?

नाही. परीक्षक सूर, लय, रागाची शुद्धता, मांडणी आणि एकूण परिणाम पाहतात. अवघड राग अर्धामुर्धा वाजला तर यातल्या प्रत्येक ठिकाणी गुण जातात. भूपाळीसारखा पाच स्वरांचा राग घेऊन देसकाराची (याच स्वरांच्या दुसऱ्या रागाची) सावलीही न पडू देता वाजवणं ही मोठीच परीक्षा आहे. गंधारावर घर करायचं, धैवतावर रेंगाळायचं नाही, आणि तरी बारा मिनिटं कंटाळा येऊ द्यायचा नाही. जाणकार परीक्षकाला त्यातलं कष्ट दिसतं.

सकाळी दहाला नंबर लागला आणि तयारी यमनची असेल तर?

हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण स्पर्धा बहुधा सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात होतात आणि आपली तयारी असते रात्रीच्या रागांची. काही परीक्षक वेळेबद्दल आग्रही असतात, काही स्पर्धेपुरती सूट देतात. समोर कोण बसणार हे आधी कळत नाही. म्हणून दिवसाचाच राग निवडणं शहाणपणाचं.

दिवसाच्या रागांचा साठा मोठा आहे. सकाळी अहिर भैरव, बैरागी, तोडी, अल्हैया बिलावल, जौनपुरी. दुपारी वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, मग भीमपलास. चारच्या पुढे पटदीप, मधुवंती, मुलतानी. यातला वृंदावनी सारंग मला स्पर्धेसाठी विशेष आवडतो. दोन निषाद, ऋषभावरचा ठेहराव आणि द्रुतला सरळ धावणारी तान, त्यामुळे दहा मिनिटांत तो पूर्ण उभा राहतो. जेवणानंतरच्या सुस्तावलेल्या सभागृहात त्याने मान वर होते.

सोय म्हणून दोन राग तयार ठेवा, एक सकाळचा आणि एक दुपारनंतरचा. दोन्हींची लांबी सारखी ठेवा. नंबर कळल्यावर तासाभरात निर्णय घेता येतो. दोनपेक्षा जास्त राग मात्र नकोत, तयारी पातळ होते.

अनवट (क्वचित वाजणारा) राग किंवा जोडराग घेतला तर लक्ष वेधलं जाईल ना?

लक्ष वेधलं जाईल, पण दोन्ही बाजूंनी. जोडरागात दोन्ही राग स्वतंत्रपणे पचलेले हवेत आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट स्वच्छ हवी. विशारदच्या मुलाने तो अजून वर्षभर घरीच वाजवावा.

किरवाणी, चारुकेशी, हंसध्वनी हे कर्नाटक पद्धतीतून आलेले राग मात्र तरुण वादकांना चांगले साधतात. हंसध्वनीत पाचच स्वर, मध्यम आणि धैवत नाहीत, वाटचाल सरळ, आणि सुरुवातीपासून तेज. सहा-आठ मिनिटांच्या स्पर्धेला तो उत्तम. किरवाणी रंगतो खरा, पण त्यात ताना धून-अंगाकडे घसरतात. शास्त्रीय विभागात वाजवणार असाल तर आलाप भारदस्त ठेवा.

गायकी अंगाने (गायनासारखं) वाजवायचं की तंतकारी (सतार-सरोदच्या ढंगाने)?

गुरूंनी जे शिकवलं ते. स्पर्धेच्या आधी तीन महिने अंग बदलू नये.

निवडीशी याचा संबंध एवढाच की राग आणि बंदिश अंगाला साजेशी हवी. गायकी अंगाच्या वादकाने ज्यात मींडेला वाव आहे असे राग घ्यावेत आणि बंदिशही गाऊन येणारी असावी. स्वतः गाता आली नाही ती बंदिश व्हायोलिनवर वाजवू नये, असं मी आग्रहाने सांगते. शब्द माहीत असले की गज कुठं उलटवायचा हे आपोआप कळतं. लयकारीचा ओढा असलेल्या मुलाला मध्यलयीची, खाली-भरी स्पष्ट दाखवणारी गत द्या आणि ‘झाला’ या शेवटच्या जलद भागासाठी दोन मिनिटं राखून ठेवा.

ऐकायचं तर डॉ. एन. राजम आणि पं. डी. के. दातार यांच्याकडे गायकी कशी उतरते ते ऐका. राजम यांनी पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे तालीम घेतली, आणि त्यांच्या वाद्यातून ख्याल जसाच्या तसा ऐकू येतो. पं. व्ही. जी. जोग यांच्याकडे तबल्याशी चाललेला संवाद ऐका. पं. गजाननराव जोशी स्वतः गायकही होते, हे त्यांच्या व्हायोलिनमधून लपत नाही. या चौघांना ऐकून तुमच्या मुलाचा कल कुणाकडे आहे ते पाहा, राग आपोआप सापडायला मदत होते.

यूट्यूबवरच्या मोठ्या कलाकाराचं वादन जसंच्या तसं बसवलं तर चालेल का?

एखादी तान, एखादी जागा उचलून शिकणं ही आपल्या संगीताची रीतच आहे. पण बारा मिनिटांचं अख्खं वादन पाठ करून वाजवलं की ते कळतं. तबलजीने जरा लय वाढवली किंवा सम हुकली तर पाठ केलेलं मूल परत येऊ शकत नाही. किमान आलाप आणि दोन-तीन आवर्तनं तरी त्या दिवशीची, त्या क्षणी सुचलेली असू द्या. त्यासाठी राग असा हवा की ज्यात मूल स्वतः चार वाक्यं बोलू शकेल.

परीक्षेचा राग स्पर्धेला चालतो का?

चालतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा आणि विशारदसाठी तयार केलेले राग हाताखाली असतातच. फक्त परीक्षेत ‘रागाची माहिती आहे’ हे दाखवायचं असतं आणि स्पर्धेत राग उभा करायचा असतो. त्यामुळे परीक्षेची ठरावीक आलाप-ताना असलेली वही बाजूला ठेवून त्याच रागावर तीन महिने मोकळेपणाने काम करा.

साथीला तबला कोण असावा? त्याचा निवडीशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. हिंगोली किंवा गंगाखेडच्या मुलीला रोज साथ करायला तबलजी मिळेलच असं नाही. स्पर्धेच्या दिवशी आयोजकांनी दिलेल्या साथीदाराबरोबर पहिल्यांदाच वाजवायची वेळ येते. अशा वेळी नऊ मात्रांचा मत्तताल किंवा साडेअकरा मात्रांसारखी अर्ध्या मात्रेची आवर्तनं घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने धोका ओढवून घेणं. तीनताल, एकताल, झपताल, रूपक या चार तालांत राहा.

शक्य असेल तर साथीदार आपलाच न्या. सोबत शिकणारा, वयाने मोठा तबल्याचा विद्यार्थीही चालेल. दोघांनी मिळून किमान महिनाभर आठवड्यातून दोनदा बसायला हवं. मुखडा कुठून उचलायचा, द्रुतला कुठल्या मात्रेवरून जायचं, तिहाई कुठून सुरू होते, या तीन जागा दोघांच्याही तोंडपाठ असाव्यात. साथीदाराला ‘काका, जरा लय धरून ठेवा’ एवढं मंचावर नम्रपणे म्हणता येणं, हेही घरी शिकवून ठेवा. पुष्कळ मुलं संकोचाने गप्प बसतात आणि चढत्या लयीमागे फरफटत जातात.

शेवटी धून, नाट्यपद किंवा अभंग वाजवला तर चालेल का?

शास्त्रीय विभागात नियमांनी परवानगी असेल तरच, आणि वेळ खरोखर शिल्लक असेल तरच. तीन मिनिटांची धून घालण्यासाठी रागाची चार मिनिटं कापू नका.

सुगम किंवा मुक्त विभाग असेल तर मात्र मनापासून सांगते, आपल्या मातीतलं वाजवा. पैठणचे एकनाथ, नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, सगळे आपल्याच भागातले. त्यांचे अभंग लेकरांच्या कानावर लहानपणापासून असतात. व्हायोलिनवर अभंग वाजवताना एक पथ्य पाळा: पहिला चरण अगदी साधा, शब्द ऐकू येतील असा वाजवा. हरकती दुसऱ्या फेरीपासून. परीक्षकाच्या मनात शब्द उमटले की पुढचं काम सोपं होतं. भैरवीतला अभंग असेल तर शुद्ध ऋषभ किंवा तीव्र मध्यम कुठे येतो ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर रंगात येऊन सगळेच स्वर येतात.

पाश्चात्य वाद्यवादन विभागात भाग घ्यायचा असेल तर काय निवडायचं?

आपल्याकडे पाश्चात्य पद्धतीने व्हायोलिन शिकणारी मुलं थोडी आहेत, त्यातली बरीचशी पुण्याला किंवा ऑनलाइन शिकतात. त्यांची पहिली अडचण पियानोची साथ. कन्चेर्टोत ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर वाजवणारा माणूस इथं मिळणं कठीण असतं. म्हणून एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांकडे आधी पाहा.

बाख यांच्या एकल व्हायोलिनच्या तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा, १७२० सालच्या हस्तलिखितातल्या, हा यातला शिखरावरचा संग्रह आहे. तिसऱ्या पार्टिटातला गाव्होत (जुन्या फ्रेंच नृत्याच्या चालीचा भाग) हा प्रगत विद्यार्थ्याला झेपतो, तीन-साडेतीन मिनिटांचा आहे आणि त्याचा मुख्य भाग पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ऐकणाऱ्याला सोबत घेऊन जातो. टेलेमान यांच्या १७३५ च्या बारा फँटसिया थोड्या सोप्या आहेत. त्यांत संथ आणि जलद भाग एकाच रचनेत मिळतात, म्हणजे वादकाच्या दोन्ही बाजू दिसतात. माझा अनुभव असा की या रचना शिक्षकांच्याही यादीत क्वचितच असतात. त्या असाव्यात.

साथ मिळत असेल तर मोत्सार्टचा तिसरा कन्चेर्टो, जी मेजरमधला, १७७५ चा. दिसायला सोपा, वाजवायला अतिशय उघडा. एकही सूर लपत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी काबालेव्स्कीचा सी मेजर कन्चेर्टो चांगला. १९४८ मध्ये तो तरुण वादकांना डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला गेला, पहिला भाग छोटा आणि तडफदार आहे. मेंडेल्सोनचा ई मायनर आणि ब्रुखचा जी मायनर सगळ्यांनाच वाजवायचे असतात. मेंडेल्सोनचा पहिला भागच बारा-तेरा मिनिटांचा आहे, दहा मिनिटांच्या स्पर्धेत तो बसत नाही. ब्रुखचा पहिला भाग न थांबता दुसऱ्यात मिसळतो, त्यामुळे शेवट कुठं करायचा हे शिक्षकांशी बोलून ठरवावं लागतं. चमकदार छोटी रचना हवी असेल तर माँतीचा चार्दाश सगळे वाजवतात. मी क्राइसलरचं प्रेल्युडियम आणि अलेग्रो सुचवीन. सुरुवातीचे रुंद, पूर्ण गजाचे सूर पहिल्या दहा सेकंदांतच वादकाची जात सांगतात.

रेकॉर्ड केलेल्या साथीवर वाजवायला परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. हिंदुस्थानी आणि पाश्चात्य दोन्ही विभागांत उतरायचं असेल तर दोन व्हायोलिनं लागतील. एकाच वाद्याच्या तारा सकाळी प सा प सा आणि दुपारी पाश्चात्य मिळवणीत नेल्या तर त्या दिवसभर स्थिर होत नाहीत.

किती आधी राग ठरवावा?

चार महिने. शेवटचा महिना फक्त वेळ लावून पूर्ण वादन करण्यासाठी ठेवा, रोज एकदा, तबल्याच्या अ‍ॅपवर का होईना. शेवटच्या पंधरा दिवसांत राग बदलायची लहर आली तर गुरूंशी बोला, पण सहसा बदलू नका.

गुरुजींनी दिलेला राग मुलीला आवडत नाही. काय करावं?

गुरूंना स्पष्ट, आदराने सांगा. बहुतेक गुरू ऐकतात. कधी राग नव्हे तर बंदिश आवडलेली नसते, आणि बंदिश बदलली की काम होतं. कधी लय जड वाटत असते. आधी नेमकं काय नको आहे ते मुलीला विचारा, मग गुरुजींकडे जा. आईबाबांनी परस्पर दुसऱ्या शिक्षकाकडून दुसरा राग बसवून घेणं हे मात्र कुणाच्याच हिताचं नाही. त्यात मुलीची कुतरओढ होते.

एकच राग दोन-तीन स्पर्धांत वाजवला तर चालेल का?

जरूर वाजवा. जिल्ह्याला वाजवलेला राग विद्यापीठाच्या महोत्सवात, मग राज्यस्तरीय ‘इंद्रधनुष्य’मध्ये वाजवला तर तो प्रत्येक वेळी खोल जातो. आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेसाठी, जिथं १६ ते २४ वयाचे कलाकार उतरतात, दोन वर्षं मुरलेला रागच कामाला येतो. फक्त सलग तिसऱ्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याच रागासह जाऊ नका. परीक्षक बदलले तरी श्रोते आणि स्पर्धक तेच असतात, आणि मुलाची वाढही तिथंच अडते.

आपल्याकडच्या हवेचा काही विचार करावा लागतो का?

करावाच लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंट्या घसरतात. हिवाळ्यात परभणीच्या पहाटेच्या गारठ्यातून एसटीने येऊन उबदार सभागृहात गेलं की तारा उतरतात. वाद्य मंचावर जायच्या तासभर आधी त्याच सभागृहात, पेटीतून काढून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत पेटी कधीही ठेवू नका, सरस सुटतो. खुंटी घट्ट बसत नसलेल्या वाद्यावर मालकंस-मारव्यासारखे राग निवडू नका. सूर जरा सरकला तर तिथं सावरायला जागा नसते.

वीज जाण्याचा विचार करून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबरोबर पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि छोटा स्पीकर सोबत असू द्या.

वाजवताना तार तुटली तर?

बहुधा सगळ्यात बारीक तार तुटते. प सा प सा मिळवणीत तार षड्ज पंचमाच्या तारेवरही मिळतो, त्यापुढच्या स्वरांसाठी हात वर सरकवायचा असतो. रियाजात आठवड्यातून एकदा बारीक तारेला हात न लावता द्रुत गत वाजवून पाहा. मुलाला कळतं की राग तीन तारांवरही पूर्ण होतो, आणि मंचावर हात थांबत नाही. नियमांत तार बदलायला वेळ देतात का ते आधी विचारून ठेवा. नव्या तारा स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी चढवा, म्हणजे त्या ताणून स्थिर होतात, आणि उतरवलेल्या जुन्या पण चांगल्या तारा पेटीत जपून ठेवा. ऐनवेळी कोरी तार लावली तर ती उतरत राहते, वापरलेली तार मात्र लगेच सुरात बसते.